परतीचं तिकीट न काढता

एंटर दाबला आणि बाबांचा हात हवेतच राहिला. तिकडे, ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत, तो केव्हाच खाली आला असणार. हवेत राहिला तो इकडे, ऑफिसातल्या त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढ्या चित्रात. डावा हात. उजवा तर झटका आल्यापासून मांडीवर ठेवला तसा पडून असतो. डावा खांद्याच्याही वर, बोटं फाकलेली, मान अर्धवट वळलेली, आणि डोळ्यांखालचा सगळा चेहरा चौकोनाचौकोनांत विस्कटलेला. चित्र अडकणं काही नवीन नव्हतं. तिकडची वीज नाजूक, इंटरनेट त्याहून नाजूक. अडकायचं, मग चार गचके खाऊन पुढे सरकायचं. म्हणून तो वाट बघत बसला. माऊस हलवला नाही, श्वासही जरा जपूनच घेतला. पण सवयीच्या माणसाला हे कळतं, वाट बघण्यासारखं काही उरलंय की नाही ते. या वेळी तार तिकडून तुटली नव्हती. आपणच तोडली होती, आणि तीही ज्या तारेला धरून लटकत होतो तीच. 

लांबच्या कॉम्प्युटरवर बसल्या जागेवरून काम करणं हाच त्याचा धंदा. कंपनीची यंत्रं कुठल्या कुठल्या गावांत कुलूपबंद खोल्यांत बसलेली; त्यांच्यापर्यंत नेटवर्कमधून जायचं, हवं ते बदलायचं आणि बाहेर यायचं. यात एकच गोष्ट जिवावरची. ज्या वाटेनं आत शिरलो तीच वाट बदलायची झाली तर आधी उलटा गजर लावून ठेवायचा. थोड्या वेळात आपण आतून ‘सगळं ठीक’ असं सांगितलं नाही, तर यंत्रानं आपलं आपण जुनं सगळं परत आणायचं. याला ऑफिसात परतीचं तिकीट म्हणतात, आणि हे नाव त्यानंच पाडलेलं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो हेच शिकवी, इतकं घोळून घोळून की पोरं मागे त्याची नक्कल करत आणि तोंडावर गुरुजी म्हणत. त्याला ते आवडे. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, त्यामुळे घरात एक तरी गुरुजी असायचाच, असं तो म्हणे. आणि आज त्याच गुरुजींनी बापाच्या कॉम्प्युटरवर दुपारच्या रिकाम्या वेळात, एका हातात चहाचा कप धरून, तिकीट न काढता सेटिंग बदललं होतं. गरज तरी काय होती? इंटरनेटवाल्यानं ताईकडे नवीन डबा बसवला होता, आणि तेव्हापासून वीज गेली की त्या कॉम्प्युटरचा पत्ता बदले. मग त्याला शोधत बसावं लागे. म्हणून एकदाचा कायमचा पत्ता देऊन टाकू म्हटलं. कायमचा. पुन्हा चालू केला तरी तोच राहील असा. हे त्यानं मुद्दाम केलं होतं, म्हणजे आता बंद करून चालू करण्याचाही उपयोग नव्हता. त्यानं दोन-तीन आडवाटांनी आत जायचा प्रयत्न केला, पलीकडून काही म्हणजे काही आलं नाही. बाबांचा हात तेवढा वर होता.

काय टाइप केलं आपण? ते आठवेना. पत्ता बरोबर होता, तो तर चहाचा घोट घेताना दोनदा वाचला. त्याखाली गेटवे, म्हणजे घरातून बाहेर पडायच्या दाराचा पत्ता. तिथे काय लिहिलं? डोक्याला विचारून काही मिळेना, तसे त्यानं डोळे मिटले, की-बोर्ड बाजूला सारला आणि बोटं टेबलाच्या उघड्या लाकडावर ठेवली. जा, म्हणाला, मघाशी केलंत तेच करा. बोटं चालली. ती कशी चालली हे त्यानं मिटल्या डोळ्यांनीच पाहिलं, आणि कानशिलं तापली. बोटांनी ऑफिसच्या दाराचा पत्ता लिहिला होता. दिवसातून कितीतरी वेळा लिहितात तो. ती नोकरी लागल्यापासून हाच एक पत्ता लिहीत आली होती, त्यांना बाबांचं घर वेगळं आहे हे कोण सांगणार? म्हणजे आता तिकडे, ताईच्या मागच्या खोलीत, बाबांच्या समोर ते यंत्र या ऑफिसचं दार शोधत बसलं असेल. ते त्या घरात कसं सापडणार? ‘गुरुजी, टेबल काय बडवताय?’ शेजारच्या टेबलावरून काकू म्हणाली. काकू त्याच्याहून लहान. पण तिच्या खणात सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या, सुईदोरा असलं सगळं सापडे म्हणून ती अख्ख्या ऑफिसची काकू. ‘तिकीट काढलं नाही,’ तो म्हणाला. काकू खो खो हसली. ‘तुम्ही? थांबा, हे आधी सगळ्यांना सांगते.’ मग तिनं त्याच्या पडद्याकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं, आणि ती हसायची थांबली. ‘घरचा होय?’ एवढंच म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

तो उठून जिन्यात गेला. फोन करायला ऑफिसातले सगळे इथेच येतात, त्यामुळे भिंतीला खांद्यांच्या उंचीवर मळकट पट्टा पडलाय. ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला नाही, कारण ती उचलणार नाही हे आधीपासूनच माहीत होतं. गेल्या महिन्यापासून त्यांचं बोलणं बंद होतं, आणि त्याचं कारणही हे यंत्रच. त्या दिवशी त्यानं इथूनच पाहिलं होतं की बाबांच्या समोर ताट कधीचं तसंच पडलंय, आणि बाबा त्याच्याकडे बघत बसलेत. बराच वेळ कोणी येईना. शेवटी न राहवून त्यानं फोन केला होता. ‘ताई, अगं बाबांचं जेवण गार झालं असेल ना.’ आवाज अगदी मऊ ठेवला होता, म्हणजे त्याला तसा वाटला होता. पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. ‘मी त्यांची चादर धुतेय,’ ताई म्हणाली, ‘दुसऱ्यांदा. सकाळपासून.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘तू बघ. बघत बस. मी करते.’ त्यानंतर जे काही असेल ते भाऊजींच्या मार्फत. बघणं म्हणजे काहीच नाही का? तो मनातल्या मनात किती तरी वेळा तिच्याशी भांडला होता. बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा तो चार दिवस रजा काढून गेला, कॉम्प्युटर नेला, कॅमेरा लावला, खुर्ची नेमकी त्यासमोर येईल अशी खोली लावून घेतली. परत येताना गाडीत त्याला किती हलकं वाटलं होतं! आपला वाटा आपण उचलला असं वाटलं होतं. ताईनं अंघोळ घालायची, भरवायचं, पुसायचं. त्यानं रोज हजर राहायचं. ऑफिसच्या कामाच्या मागे, कोपऱ्यात, बाबा दिवसभर असत. इतके तर ते त्याच्या लहानपणीही त्याच्याजवळ नव्हते.

कॅमेऱ्याशेजारी एक हिरवा दिवा आहे. इकडून बघायला सुरुवात केली की तिकडे तो लागतो, बंद केलं की विझतो. बेल वाजवून, आपला चेहरा दाखवूनही बोलता येतं. पण ते तो क्वचितच करी, कारण बाबांना बोलता येत नाही आणि बोलायचा प्रयत्न केला की त्यांचं तोंड वाकडं होतं, ते त्याला बघवत नसे. त्यापेक्षा नुसतं बघणं बरं. बाबा नीट बसलेले असत. नेहमीच. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, भांग पाडलेला, नजर समोर. कधी पेंगताना दिसले नाहीत, कधी लाळेचा ओघळ गालावर दिसला नाही. ताईच्या निगराणीचं त्याला कौतुक वाटे. आता जिन्यात उभ्या उभ्या मात्र त्याला भलतंच काहीतरी आठवू लागलं. घरी बाबा चित्रं काढायचे ती जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, टेबल पुसून. आणि मागे कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. तो लहान असताना एकदा पाय न वाजवता त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. कागदावर एक बाई होती, तिला अजून डोळे नव्हते. बाबांचा हात भराभर चालला होता, आणि ते तोंडानं कसलासा आवाज काढत होते, गुणगुणणं नाही, नुसतं घशातल्या घशात, कोणी नसताना माणूस काढतो तसा. मग त्यांना कळलं. कसं कळलं कोण जाणे. त्यांनी वळूनही न बघता कागद पालथा घातला आणि त्याच हातानं मागे त्याच्या थोबाडीत मारली. बाबांनी त्याला मारलेलं ते एकदाच. ‘पुढून ये,’ म्हणाले, ‘यायचं तर पुढून यावं माणसानं.’ पुढे त्यांनी चित्रं काढणंच सोडलं, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, डोळे अधू झाले होते. पण आता कोपऱ्यातल्या त्या हाताशी ही थोबाडीत मारण्याची जुनी गोष्ट जाऊन चिकटली आणि सुटेना. हात कशाला वर केला असेल बाबांनी? कुणाला बोलवायला? खुर्चीतून कलंडत होते का? की त्याला ‘पुरे’ म्हणत होते?

त्यानं भाऊजींना फोन लावला. भाऊजींचं चष्म्यांचं दुकान. स्वभाव असा, की बुडत्या माणसालाही आधी बोटीचे प्रकार समजावून सांगतील. ‘अरे वा, आज आमची आठवण! थांब, गिऱ्हाईकाला आरसा देतो. हं, बोल.’ त्यानं सगळं सांगितलं. भाऊजी म्हणाले, ‘म्हणजे तुझा टीव्ही बंद पडला.’ आणि लगेच, ‘गंमत केली रे. आत्ता घरी जेवायला जाऊन आलो मी. बाबा मजेत आहेत.’ ‘हात वर केला होता त्यांनी. शेवटी तसंच दिसलं.’ ‘माशी असेल. एक माशी आहे त्या खोलीत, तिचं आणि बाबांचं सकाळपासून जुंपलंय. हरले बिचारे.’ त्याला हसू यायला हवं होतं, भाऊजींनी त्यासाठीच ते सांगितलं होतं. पण एका माशीसाठी आपण एवढे घाबरलो याचा सुद्धा आनंद होईना. उलट तो हात होता तोवर निदान काहीतरी चाललं होतं, कुणीतरी त्याला काही सांगत होतं. आता त्याला काहीच अर्थ उरला नाही. ‘भाऊजी, तुम्ही जरा घरी जाऊन, मी सांगतो तशी दोन बटणं दाबाल का?’ ‘मी? माझा हात लागला तर उरलेलं पण जाईल. हे बघ, ते यंत्र घरात एकटी तुझी ताईच हाताळते. तिला सांग.’ ‘ती फोन घेत नाही.’ भाऊजींच्या मागे दुकानात कुणीतरी चष्म्याचा भाव विचारत होतं. ‘घेईल,’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा झाला. ‘मी बोलतो. पण आज थोडा थांबलास तर काय होईल रे? एखादा दिवस राहू दे की बंद.’ ‘नको,’ तो म्हणाला. फार पटकन म्हणाला, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

मग थांबणं आलं. जागेवर परत येऊन त्यानं दोन-तीन जणांची कामं केली, एकाला उगाचच बोलला. कोपऱ्यातलं चित्र बंद करता येत होतं, एक बोट लागलं असतं. पण ते बंद केलं तर बाबा इथून पुरतेच जातील असं वाटून त्यानं ते तसंच ठेवलं. आणि बघता बघता एक गोष्ट त्याला दिसली ती अशी, की बंद पडलेलं चित्र आणि रोजचं चित्र यांत त्याच्या लेखी फारसा फरक नव्हता. रोज तरी काय होई? बाबा बसलेले. तो काम करतोय. मधून मधून मान वळवून बघायचं, आहेत, बरं. बाबांनी काय खाल्लं की त्यांना त्रास होतो, रात्री किती वेळा उठवावं लागतं, ‘हो’साठी ते कुठला आवाज काढतात आणि ‘नको’साठी कुठला, यातलं त्याला एकही माहीत नव्हतं. त्याला त्यांचा शर्ट माहीत होता. मग आपण नेमकं काय गमावलंय म्हणून एवढा जीव वरखाली होतोय? हे त्यानं स्वतःला विचारलं आणि उत्तर तयारच होतं, लाज वाटावी असं. बाबा दिसेनात याचं हे दुःख नव्हतं. बाबांना आपण दिसत नाही, तो दिवा लागत नाही, आपण हजर नाही, आणि आपल्याविना तिकडे दिवस चालू आहे. ते त्याला सोसवत नव्हतं.

ऑफिस सुटायच्या बेताला फोन वाजला तसा तो जिन्यात गेला. ताई. ‘बोल,’ ती म्हणाली, ‘समोर बसलेय. काय करायचं?’ ना कसा आहेस, ना काही. त्यानं काय काय ठरवून ठेवलं होतं बोलायचं, ते सगळं गिळलं. ‘नेटवर्कचं पान उघड. उजवीकडे खाली चिन्ह आहे ना, त्यावर.’ ‘उघडलं.’ ‘त्यात पत्त्यांची जागा. चार रकाने आहेत.’ ‘आहेत.’ तिचा आवाज शाळेत फळ्यावरचं वाचावं तसा सपाट. ‘तिसरा वाच.’ तिनं आकडे वाचले. त्याच्याच ऑफिसचे आकडे, तिच्या तोंडून. ‘चुकलाय तो,’ तो म्हणाला. ‘कुठला पत्ता हा?’ खोटं बोलता आलं असतं. ‘माझ्या ऑफिसचा. सवयीनं लिहिला गेला.’  मग ताई हसली, अगदी थोडी, नाकातून, आणि त्या हसण्यानं त्याचे डोळे एकदम भरून आले, कारण त्यात लहानपणची ताई होती. ‘शहाणाच आहेस,’ ती म्हणाली. ‘ताई, त्या दिवशी मी...’ ‘खरा पत्ता सांग. दूध ठेवलंय गॅसवर.’ त्यानं सांगितला. तिनं एकेक आकडा उच्चारत लिहिला. ‘झालं. आता जतन कर म्हणतोय. करू?’ तो ‘हो’ म्हणणार तेवढ्यात तीच म्हणाली, ‘नाही, विचारते अशासाठी, की करायचंच आहे का? म्हणजे आता बंद आहे तर आहे. तू सुटीचा येऊन जा. एक आठवडा राहा. बाबांना तू समोर आलेला कळेल.’ तिचा सूर भांडणाचा नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि उत्तराला वेळ देत होती. जिन्यातल्या त्या मळक्या पट्ट्याला टेकून त्यानं विचार केला. येतो म्हणावं. येऊन काय करायचं? त्यांना उठवायचं कसं, धरायचं कुठे? ती वाकडी होणारी जीभ जवळून बघायची, तो वास, ती ओली चादर. त्याला भीती वाटली. उघड, साधी भीती. ‘येईन ना,’ तो म्हणाला, ‘रजेचं बघतो. पण तोवर हे असू दे.’ ‘बरं,’ ताई म्हणाली. तिच्या ‘बरं’मध्ये राग नव्हता. एक कळ दाबल्याचा आवाज आला. ‘केलं. येईल तेव्हा येईल तुझं. मला दूध बघायचंय.’ फोन बंद झाला.

जागेवर येऊन त्यानं पुन्हा आत जायचा प्रयत्न केला, आणि या वेळी ते यंत्र अगदी मुकाट्यानं उघडलं. कोपऱ्यातला हात नाहीसा झाला. आधी काळं, मग खोली आली, स्पष्ट, एकही गचका नाही. भिंत, भिंतीवरचा ओलीचा डाग, खुर्ची. खुर्चीत कोणी नव्हतं. तिच्या पाठीवर शर्ट टाकलेला होता, बाह्या खाली लोंबत. त्यानं आवाज वाढवला. काकू जायला निघाली होती, तिनं ‘लागलं?’ असं खुणेनं विचारलं, त्यानं मान हलवली, ती गेली. आतल्या कुठल्याशा खोलीतून आवाज येत होते. भांड्याचा. मग ताईचा. ‘साखर?’ ती विचारत होती. कोणीतरी घशातून काहीतरी म्हणालं. ‘काय, मीठ? दुधात मीठ घालू?’ पुन्हा तो घशातला आवाज, या वेळी मोठा, चिडका. ‘मिरच्या? बरं बाई, मिरच्या तर मिरच्या.’ आणि मग त्यानं जे ऐकलं ते काय आहे हे त्याला आधी कळेचना. खरखरीत, तुटक, मध्येच खोकल्यात जाणारं, घट्ट बसलेल्या दारासारखं अडखळत येणारं. बाबा हसत होते. झटका आल्यापासून बाबा हसतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि इतके दिवस इतका वेळ बघूनही त्याला दिसलं नव्हतं. ताईही हसायला लागली. ‘अहो सांडेल, उघड्या अंगावर सांडेल, थांबा, पुसू द्या,’ ती म्हणाली, आणि दोघंही पुन्हा हसली.

तो ऐकत राहिला. कानांतली इअरफोनची बटणं त्यानं हातांनी दाबून धरली होती. कोणाला ठाऊक नव्हतं तो आहे ते; दिवा लागला होता पण बघायला त्या खोलीत कोणी नव्हतं. असंच ऐकत राहावं, मुळीच हलू नये, असं वाटलं. पण सुखही फार वेळ असं लांबून सोसत नाही, आणि त्यात आपण नाही हे तर त्याहून नाही. त्यानं आपल्या बाजूचा माइक सुरू केला. ‘बाबा,’ तो म्हणाला, ‘बाबा, मी आलो.’

आतलं हसणं थांबलं. कसं थांबलं, हळूहळू नाही, वर्गात मास्तर शिरल्यावर थांबतं तसं. भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ताई हलक्या आवाजात, त्याला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, म्हणाली, ‘चला बाबा. सुरू झालं.’ कुणीतरी घशातून एकच आवाज काढला. तो ‘हो’चा होता की ‘नको’चा, ते त्याला समजलं नाही. ताई घाईघाईनं खोलीत आली, कॅमेऱ्याकडे न बघता खुर्चीवरचा शर्ट तिनं उचलला. ‘एक मिनिट हं,’ ती त्याला म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं, ‘शर्ट घालते त्यांना आणि आणते.’ राहू दे, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यांना दूध तरी पिऊ दे, आज राहू दे, मी बंद करतो. पण बाबा दिसायला हवे होते. म्हणून तो काही बोलला नाही, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबला.